हळदीच्या यादीतले राहिलेले नाव

सोलापूर. मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५६. सकाळ.

हजर: भिवादादा. त्यांची लेक मंजुळा, वैरागहून, मूल कडेवर. राजम्मा. आमच्या घरातले, दाराबाहेर, टोपी हातात. मी. सगुणा.

ही तुला नेले त्या दिवशीची हजेरी. शाळेतल्या सवयीने वहीत लिहिली आणि शेवटी तुझेही नाव लिहून बसले. खोडायला टाक उचलला, पण खोडले नाही. एकदा तुझे नाव मी एका यादीतून गाळले होते. त्या यादीबद्दल तुला जे ठाऊक होते ते अर्धे होते. उरलेले अर्धे मी आजवर सांगितले नाही. आज सांगणार आहे, पण क्रमाने. तू असतीस तर म्हणाली असतीस, "आली बया, एक दोन तीन करत." हो, तसेच.

आता तुला जाऊन पाच दिवस झाले. तेराव्याच्या सामानाची यादी झाली, भिवादादांच्या जेवणाचे वार आपल्या चाळीतल्या चार घरांत वाटून दिले, मंजुळेच्या मुलाला खोकला होता तो उतरला. जुने दुखणे परतले की साधा ज्वर छातीत उतरला, हे डॉक्टरीणबाईंनाही नक्की सांगता आले नाही. नळावर मात्र सगळ्यांना नक्की ठाऊक आहे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तू कशाने गेलीस यापेक्षा मधली वर्षे कशी काढलीस, हे मला जास्त ठाऊक आहे.

गाठ तुला सहा वर्षांपूर्वी ज्येष्ठात लागली. नळावर माझी कळशी धरून तू हळूच म्हणालीस, "मास्तरीणबाई, हितं एक सुपारी हाय बगा. दुकत न्हाय, हलत बी न्हाय." त्याआधी महिनाभर हळद आणि चुना लावून पाहिला होतास. मी तुला त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी हाताने तपासले, हात धुतले, आणि आगगाडीने कोणत्या मिशनच्या दवाखान्यात जायचे ते कागदावर लिहून दिले. त्या लिहीत होत्या तोवर तू माझ्याकडे पाहत होतीस आणि मी कागदाकडे.

तुझ्याबरोबर तुझे धनी, भिवादादा, निघाले. मी सामानाची यादी केली आणि पत्ता लिहिलेले एक पोस्टकार्डही दिले. भिवादादांना लिहिता येत नाही, म्हणून त्यावर दोन ओळी आधीच लिहून ठेवल्या. वर 'सर्व ठीक आहे', खाली 'ताबडतोब या'. जी खरी नसेल तिच्यावर रेघ मारायची, असे तीनदा समजावले. नवव्या दिवशी कार्ड आले. दोन्ही ओळी जशाच्या तशा. मी शाळेतून रजा घेऊन गाडीत बसले. दवाखान्याच्या व्हरांड्यात भिवादादा भेटले. मी रागावून विचारले, रेघ का नाही मारली? ते म्हणाले, "कशी मारू बाई? दोनी खरी हुती."

आत तू होतीस, गळ्यापासून बरगडीपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेली. मला पाहून म्हणालीस, "आलासा? बसा की. हितं भाकरी मिळत न्हाय, तेवडं सोडलं तर बरं हाय." मी तुझे पांघरूण सारखे केले. तू छताकडे पाहत म्हणालीस, "समदं काडलं, बाई. मंजुळा ज्या अंगाला पाजली, त्येच."

श्रावणात तू परत आलीस. टांग्यातून उतरलीस ती दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट घेऊन. मग बायका भेटायला आल्या. कोणी कच्चे केळे, कोणी शेवग्याचा पाला, कोणी नुसतीच चौकशी. पण प्रत्येकीचे डोळे आधी तुझ्या पदरावर जात, मग जमिनीवर, मग माझ्याकडे. जणू मीच काही तरी सांगायचे होते.  दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी नळावर जाऊन यायला लागलीस. अंघोळही उजाडायच्या आत. बाजार बंद. शुक्रवारच्या सवाष्णीचे आमंत्रण आले तर "आंग दुकतंय" म्हणून निरोप. तुझ्या दाराला पूर्वी कडी नसे. ती आली.

मी वहीत तीन ओळी लिहिल्या. हात. चोळी. माणसे. पहिल्या दोन कामाच्या गोष्टी होत्या, म्हणून मला जमण्यासारख्या वाटल्या.

उजवा हात तुला खांद्यापर्यंतही नेता येत नव्हता. दवाखान्यात सांगितले होते की भिंतीवर बोटे चालवत रोज थोडा थोडा वर न्यायचा, नाही तर तो आखडून बसेल. तू घरी आल्यावर दोन दिवस केले आणि सोडलेस. म्हणून मी तुला आमच्या जात्याजवळच्या भिंतीशी उभी करू लागले. दर शुक्रवारी तुझी बोटे जिथे पोचतील तिथे कोळशाने रेघ मारायची आणि शेजारी तिथी लिहायची. पहिली रेघ माझ्या कमरेच्या जरा वर होती. तू म्हणालीस, "भिताडावर गोगलगाय चालवायला लावती ही बाई." कधी रडलीस. एकदा मला ढकललेसही, आणि बरे झाले, कारण ते त्याच हाताने ढकललेस. मी लगेच तिथी लिहिली. पौषात तुझी बोटे खुंटीला लागली, जिथे आमची चाळण टांगलेली असते. तू चाळण काढलीस आणि पुन्हा टांगलीस. पुन्हा काढलीस. शेवटची रेघ मी त्या खुंटीच्या बरोबरीने मारली. त्या रेघा तशाच आहेत. दरवर्षी दिवाळीला चुना मारताना मी तेवढा तुकडा सोडते, आणि आमच्या घरातले दरवर्षी विचारतात, इथे चुना संपला का?

चोळीचे काम शेजारच्या राजम्माने केले. तिच्या घरी माग, शिवण तिच्या हातची. मराठी तिला कामापुरती येते आणि तेवढ्यात ती सगळे भागवते. पुढे गाठ मारायची चोळी. एक बाजू भरलेली, दुसरी लोंबणारी. पहिल्यांदा आम्ही कापसाची उशी केली. ती हलकी; तू वाकलीस की गळ्याशी चढून बसे. मग वाळू. ती जड, संध्याकाळपर्यंत खांदा ओघळे. मग जोंधळे. जोंधळ्यांची पिशवी चांगली बसली. बरोबर वजन किती, ते ठरवायला तू एका तळव्यावर पिशवी घेतलीस आणि दुसऱ्या तळव्याने आपलीच उरलेली बाजू तोललीस. चेहरा असा गंभीर, जसा अडत्याचा. "आजून दोन मुठी," म्हणालीस. राजम्मा हसून हसून भिंतीला टेकली. "अय्यो सगुणाक्का, तराजू आणू का?" दवाखान्यातून आल्यापासून तू तेव्हा पहिल्यांदा हसलीस.

पण पावसाचे दिवस. मंजुळेने चोळी पिशवीसकट धुतली आणि ओल्या कपड्यांच्या टोपलीत तीन दिवस विसरली. घट बसायला आठवडा होता. तू टोपली उपसलीस आणि मला हाक मारलीस, "मास्तरीणबाई, धावा!" मी धावले. पिशवीच्या शिवणीतून जोंधळ्याचे पांढरे कोंब बाहेर आले होते, बोटभर. मला वाटले तू आता रडशील. तू पिशवी दोन्ही हातांनी वर धरलीस. "मी म्हणलं आंगातला समदा कस गेला. तर हितं आदीच घट बसलाय की! आता नऊ दिस कुनी शिवू नका मला." त्या वर्षी तुमच्या घटात तेच कोंब तू मातीत टेकवलेस. कोणाला सांगितले नाहीस. मी पाहिले.

शेवटी राळ्याचे दाणे. बारीक, गुळगुळीत, अंगाबरोबर हलणारे, लवकर वाळणारे. पिशवी सैलसर भरायची, तीन भाग राळे, वर एक थर पिंजलेला कापूस, धुताना एक बाजू उसवून दाणे काढून ठेवायचे. हे सगळे मी वहीत लिहून ठेवले आहे.

भिवादादांची गोष्ट तू मला फार नंतर सांगितलीस, जात्यावर. तू आल्यापासून ते गॅलरीत झोपत. तुला वाटे, किळस आली असेल. त्यांना वाटे, झोपेत आपला हात लागून टाका उसवेल. दोघेही गप्प. सव्वा महिना. मग एके दुपारी गिरणीतली पाळी संपवून ते आले, तेव्हा तू दार लावून म्हणालीस, "बगायचं तर एकदाच नीट बगा. न्हाय तर जल्मभर भिताडाकडं बगत बसाल." त्यांनी पाहिले. गिरणीत यंत्रांचे चामडी पट्टे तुटले की ते शिवून जोडायचे, हे त्यांचे काम. ते शिवणीवरून, न टेकवता, बोट फिरवत राहिले आणि म्हणाले, "बारीक टाका हाय. असा शिवलेला पट्टा धा वर्सं चालतो." तू सांगताना म्हणालीस, "मेलं, बायकूला पट्टा म्हणतंय," आणि मग खुंटा एवढ्या जोरात फिरवलास की माझा हात सुटला.

हात झाला, चोळी झाली. मी वहीत दोन्हींवर रेघ मारली. आता तिसरी ओळ.

माघात माझ्या लेकीचे, आमच्या सुमनचे लग्न ठरले. लग्नाआधी हळद दळायची. जात्याला आंब्याची पाने आणि हळकुंड बांधायचे आणि पाच सवाष्णींनी बसून पहिली हळद दळायची. पाच नावांची यादी मी केली. यादी करणे माझेच काम. तुझे नाव त्यात नव्हते.

यादी झाल्यावर मी तुलाच हाक मारली. तू आता बाहेर पडायला लागली होतीस आणि मला त्याचा आनंद होता. हळद-कुंकवाची वाटी तुझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही पाच घरे. उद्या सकाळी हळदीच्या दळणाला या, असे सांगून ये." तू पाचही घरी गेलीस. पाच बायकांना कुंकू लावलेस. तुला वाटले, पाच बाहेरच्या, आपले घर तर मोजायलाच नको.

सकाळी तू आलीस. हिरवे इरकली लुगडे, नव्या बांगड्या, पिशवी नीट बसलेली, कपाळभर कुंकू. जात्याभोवती पाचजणी बसलेल्या होत्या. सहावीला जागा नव्हती. तू दारात थांबलीस आणि मोजलेस. मी तुला मोजताना पाहिले. मग मी सूप उचलले, तुझ्या हातात दिले आणि म्हणाले, "सगुणा, तू हळकुंडे निवड." हळकुंडे आदल्या दिवशीच निवडलेली होती. तू कोपऱ्यात बसलीस आणि निवडलेली हळकुंडे पुन्हा एकेक निवडलीस. दळण संपेपर्यंत. तुझ्याइतक्या ओव्या आपल्या चाळीत कोणाला येत नाहीत. त्या दिवशी बायका दोन ओव्यांवर अडकल्या आणि उरलेले दळण मुक्यानेच झाले.

दुसऱ्या दिवशी लग्नघरात पाहुणे असताना तू आत आलीस आणि मला मनगटाला धरून भिंतीपाशी नेलेस.

"हात दुकतो म्हून माजं नाव न्हाय घेतलं, असं सांगितलंस न्हवं बायांना?"

"हो."

तू उजवा हात वर केलास. सरळ. चाळण काढलीस, टांगलीस. तळवा माझ्याच शेवटच्या रेघेवर ठेवलास. "ही रेग कुनी मारली? ही तित कुनी लिवली? वाच की. मला वाचता येत न्हाय, तुला येतंय न्हवं?"

त्या दिवशी तू मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस. माझ्या वहीवर, माझ्या रेघांवर माझा केवढा विश्वास. आणि माझे खोटे माझ्याच भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलेले होते. 

मग तूच मला वाट काढून दिलीस. हात खाली घेतलास, सुस्कारा टाकलास आणि म्हणालीस, "तुज्या सासूनं सांगितलं असंल. म्हातारं मानूस. आंगानं उणी बाई शुभकार्यात नको म्हणली असंल. तुज्या हातात काय."

मी मान खाली घातली. तू ती 'हो' समजलीस.

आता उरलेले अर्धे.

सासूबाईंनी काही सांगितले नव्हते. सासऱ्यांनी नाही, व्याह्यांनी नाही, कोणीही नाही. मी यादी केली ती आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून. सासूबाईंनी ती वाचायला लावली. ऐकून म्हणाल्या, "पाचांत सगुणा नाही?" मी म्हणाले, तिचा हात दुखतो. त्या म्हणाल्या, "असं ती म्हणाली का?" मी पान उलटले आणि तांदळाचा हिशेब काढला.

कोणी तरी काही तरी बोलेल, असे मला वाटले. व्याह्यांकडची एखादी बाई कुजबुजेल, तुझ्या पदराकडे पाहील, तुला लागेल. ते होऊ नये म्हणून, कोणी तोंड उघडायच्या आत, मीच तुला गाळले. लोकांनी जे कदाचित केले असते ते मी नक्की केले. आणि त्याला मी तेव्हा काळजी म्हणत होते. ज्या बाईने तुझा हात बोट बोट वर चढवला, तिनेच तुला सूप देऊन कोपऱ्यात बसवले. नळावरच्या बायकांचे डोळे निदान तुझ्या देखत तरी फिरत होते.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. तू त्यांच्या दिवसांना सगळे काम केलेस, आणि एकदा भाकरी थापताना म्हणालीस, "म्हातारीचा राग न्हाय माझा. जुनं मानूस." मी तेव्हाही तव्यावरची भाकरी उलटली. सासूबाई, तुमचीही मी अपराधी आहे. पण हा कागद सगुणाचा आहे.

तुझा राग अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी जोंधळ्याची पाटी डोक्यावर घेऊन आलीस, जात्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "धर खुंटा. एकटीनं वडत न्हाय मला." तू मूठ घालत होतीस, आपण दोघी फिरवत होतो. त्यानंतर 'तुमी' कधी आले नाही. मला त्या अकरा दिवसांनी मिळाले ते हे. ज्या चुकीची मी कबुली दिली नाही तिच्या बदल्यात मला मैत्रीण मिळाली. हा व्यवहार माझ्या वहीत कुठेच बसत नाही.

दोन वर्षांनी मंजुळेचे लग्न. तू माझ्याकडे आलीस. "मास्तरीण, वही काड. हळदीची नावं लिव." मी टाक बुडवला. "पयलं, सगुणा." मी लिहिले. "दुसरं तुजं." तुझ्याकडे मोडनिंबच्या आत्याबाई, भिवादादांच्या आत्या, आठ दिवस आधीच येऊन बसल्या होत्या. त्या पान जुळवता जुळवता म्हणाल्या, "सगुणे, शुभकार्य हाय. आंगानं धड बाया बसव की."

मी टाक खाली ठेवला. या वेळी मी बोलणार होते, खरेच. पण तू माझ्या आधी बोललीस.

"आत्याबाई, मागल्या बाजारी जात्याला टाकी मारून घेतली. दगुड किती उडाला, इचारा हिला. सूपभर भुगा निगाला. मग जातं टाकून द्यायचं व्हय? उलट आता बारीक दळतंय. टाकी न मारलेलं जातं नुसतं फिरतं बगा, आवाज लई करतं."

आत्याबाईंनी पान तोंडात टाकले. "तुज्या तोंडाला कोन लागंल!" दळण होईपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. पण तू ओवी सुरू केलीस तेव्हा त्यांचा पाय ठेका धरत होता, आणि पुरणपोळ्या त्यांनी तीन खाल्ल्या. तेही लिहून ठेवते.

त्या दिवशी मी तिसऱ्या ओळीवर रेघ मारली. ती मी मारली म्हणणेही खोटे. माणसांचे काम तू एकटीने केलेस; मी नावे लिहिली.

तुला नेले त्या सकाळी आम्ही तुला अंघोळ घातली, मी, राजम्मा आणि मंजुळा. हिरवी चोळी चढवली. पिशवी मंजुळेच्या हातात होती. ती माझ्याकडे पाहत राहिली. राजम्मा म्हणाली, "घाला अक्का. बाहेर जाती. तिशिवाय कधी गेली नाही." मला तेच बरोबर वाटले. मी पिशवी घेतली. तेवढ्यात दाराआडून भिवादादा म्हणाले, "नको, बाई. शिवलेला पट्टा हाय. तसाच जाऊ द्या." चोळीची गाठ मी मारली. एक बाजू भरलेली, एक बाजू सपाट. कोणाचेही डोळे जमिनीकडे गेले नाहीत.

आता राहिलेले काम.

कार्तिकात त्याच आत्याबाईंचा निरोप आला होता. मोडनिंबचा एक गडी उंबऱ्यावर उभा राहून पाठ केल्यासारखा बोलला: "आत्याबाई म्हणत्यात, सगुणाला म्हणावं ये. आमच्या धाकल्या सुनंचं, पारूचं, तुज्यागतच झालंय. दवाखान्यातनं आली, पर उठंना. कुनाफुडं येईना. तू ये आन् बोल." तू तेव्हा दम लागून बसली होतीस, तरी हसलीस. "आली का म्हातारी वळणावर!" लगेच राजम्माकडून कापड आणलेस, पिशवी बेतलीस, तीन बाजू शिवल्यास. चौथी ठेवलीस. पारू केवढी आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक?

शेवटच्या आठवड्यात मला म्हणालीस, "तू जा." मी म्हणाले, मी जाऊन काय करू? मला काही झालेले नाही. मी पारूला काय दाखवू? तू डोळे मिटूनच म्हणालीस, "दाकवायचं काय त्यात? बस जाऊन. कोळसा संगं ने."

पाच दिवस मी यावर विचार केला आहे. दाखवायला माझ्याकडे व्रण नाही, पण यादी आहे. सुमनच्या लग्नाची वही मी पेटीतून काढली. पाच नावांचे पान जसेच्या तसे आहे. पारूला भिंत कशी चढायची ते सांगेन, राळ्याचे माप सांगेन. पण ते पान मी पारूला दाखवणार नाही. आत्याबाईंना दाखवणार आहे, त्यांच्या मोठ्या सुनेला आणि शेजारणींनाही. पारूची काळजी घेणाऱ्या, तिला जपणाऱ्या, तिला कशालाही न बोलावता विश्रांती देणाऱ्या सगळ्यांना. वाचून दाखवेन, आणि हे नाव कोणी, कसे, कशासाठी गाळले ते सांगेन. सासूबाईंचे नाव न घेता. माझे घेऊन.

तेरावे झाले की निघायचे. बरोबर न्यायचे: राळे, डब्यात भरलेले. पिंजलेला कापूस. सुई, दोरा. कोळसा. वही. तू तीन बाजू शिवलेली पिशवी.

चौथी बाजू उघडी आहे. पारूचे माप अजून घ्यायचे आहे.